ऐनाच्या शेंड्यावरचा बुधा

फार फार वर्षांमागं, ऐनवाडीला पाणी एकच होतं. वरच्या ऐनाच्या रानातून येणाऱ्या झऱ्याचं. भाताची रोपं टाकण्याआधी इथले लोक डहाळ्या-पाला जाळून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी ऐनाच्या फांद्या उतरवायचं काम बुधा डगळ्याचं. फांद्या घ्यायच्या, शेंडा राखायचा. शेंडा राहिला तर रान राहील, रान राहिलं तर झरा, एवढंच त्याचं शास्त्र. असं म्हणतात, चाळीस वर्षांत त्याच्या कोयत्यानं एकही शेंडा तोडला नाही.

एका माघात बुधा लेकीकडे आठ दिवस राहिला. परतताना खिंडीतून त्यानं रानाकडे पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. अख्ख्या रानात एकाही ऐनाला शेंडा नव्हता. कोयता चालवला होता त्याच्याच पोरानं, लखमानं.

"शेंडं कुठं गेलं रं?"

"राबाला घेतलं, बा. औंदा वावर वाढवलंय. फुटतील की पुन्हा."

ज्याला बुधानं स्वतः झाडावर चढायला शिकवलं, त्यानंच हे करावं?

चैत्रात झरा आटला. असं कधी झालंच नव्हतं. बाया हंडे घेऊन गेल्या तर कपार कोरडी ठाक. दगडाला हात लावला तर चटका बसला. रडायचंही कुणाला सुचेना.

बुधा मात्र उठला. झऱ्यावरच्या सगळ्यात थोराड ऐनावर चढला आणि छाटलेल्या शेंड्याच्या जागी उभा राहिला.

"बा, खाली ये. पडशील."

"झाडाला शेंडा आला की येतो."

दोन दिवस तो हलला नाही. तिसऱ्या सकाळी लखमा त्याला भाकर द्यायला वर चढला. बाप नव्हता. थोटकाला त्याचं मुंडासं गुंडाळलेलं होतं, आणि त्यातून मनगटाएवढा हिरवा शेंडा वर आला होता. खाली बाया ओरडत होत्या. झरा वाहत होता. बुधा कुणाला कधीच सापडला नाही, असं म्हणतात.

आजही राबाची तोड सुरू होते तेव्हा लखमाच्या घरातला माणूस आधी रिकाम्या हातांनी त्या ऐनावर चढतो. शेंड्याला मुंडाशाची चिंधी बांधतो आणि हाक मारतो, "बा, शेंडा आलाय. आता खाली ये."

सगळी वाडी खाली उभी राहते, थोडा वेळ वाट पाहते. मग कुणीतरी कोयता वर देतं.