डोणीतलं पाणी आणि पखालीतला दोरा

त्या मुलखात पाणी एका टोकाला होतं आणि गवत दुसऱ्या टोकाला. मधे नुसता माळ. माळाच्या मध्यावर एक काळा खडक, त्याची टीचभर सावली, भोवती थोडं काटेरी झुडूप, बाकी काही नाही. ज्याला पोट होतं त्यानं पाणी पाठीवर घ्यायचं, चालायचं, चरायचं आणि परत यायचं. दुसरा कायदा तिथं नव्हता.

पूर्वी जनावरं मडकी बांधून जात. मडकी गळायची, पाय ठेचकाळला की फुटायची. वाटेवर सगळी खापरंच खापरं. मग करकोचा आला. उंच, स्वच्छ, मान वर करून बोलणारा. त्यानं झऱ्यापाशी कारखाना घातला आणि कातड्याच्या पखाली शिवायला घेतल्या. "एक पखाल भरा," तो म्हणाला, "कुरणात जा, या, आणि वर दोन घोट उरवा. फुटली तर नवी देईन. हे माझं वचन." त्या बदल्यात जनावरांनी कारखान्याचं लाकूड वाहायचं. जनावरांनी वाहिलं. पाठी सोलून निघाल्या तरी वाहिलं. कातडं कुणाचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. नव्या वस्तूच्या वेळी असले प्रश्न कुणाला सुचतात?

पखाल होती मात्र झकास. खोटं कशाला बोला. गळत नव्हती, वाजत नव्हती. वरचं मोठं तोंड वादीनं आवळून त्यावर लाखेची मोहर मारलेली, आणि पुढं एक बारीक मान. मान झऱ्याच्या धारेखाली धरली की रवंथाचा एक घास चावेपर्यंत पखाल टम्म. रिवाज असा होता, की नवी पखाल मिळाली की पहिली भरलेली झऱ्याजवळच्या दगडी डोणीत ओतायची, पाखरांच्या नावानं. डोणी काठोकाठ भरायची, थेंब सांडायचा नाही की कमी पडायचा नाही. जनावरं बघत उभी राहायची आणि म्हणायची, वा.

दर अमावास्येला पखाली कारखान्यात न्यायच्या. तिथं शिंपी पाखरं होती, अंगठ्याएवढी. ती पखालीच्या मानेतून आत शिरायची आणि आतून तेल लावायची. फुकट. जनावरं बाहेर रांगेत बसायची, पखाल परत मिळाली की मान लववायची, पाखरांपुढं चार दाणे टाकायची. आत काय चालतं ते कुणी बघितलं नव्हतं. बघायचं तर मोहर मोडावी लागे, आणि मोहर मोडली की वचन मोडलं.

एका उन्हाळ्यात गाढवाची पखाल भर माळावर फुटली. गाढव मरता मरता वाचलं. करकोच्यानं सगळ्यांसमोर त्याला नवी पखाल दिली, गळ्यात माळ घातली. जनावरांनी खूर आपटले. करकोचा मात्र त्या दिवशी बराच वेळ एका पायावर उभा राहून विचार करत होता. पुढच्या अमावास्येला तेल लावायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

कोंडाजी नावाचा एक म्हातारा टोणगा होता. एक शिंग मोडलेलं, तोंड फाटकं. त्याची लेक भुरी पलीकडच्या कुरणात राहिली होती. दिवस भरत आले होते, जड झाली होती, माळ ओलांडणं तिला शक्य नव्हतं. कुरणातल्या खड्ड्यात तळाला थोडं पाणी होतं, त्यावर ती तग धरून होती. कोंडाजी वाटेत कमी प्यायचा आणि उरवलेलं पाणी तिला नेऊन पाजायचा. आजवर हिशेब बरोबर बसत आला होता.

त्या अमावास्येनंतर तो निघाला आणि खडकापाशी येतो तो पखाल अर्धी. अर्धी म्हणजे परत फिरायची वेळ. पुढं गेला असता तर कुरणात पोचला असता, पण लेकीला पाजायला थेंब नाही आणि परतीला तर नाहीच. त्यानं शिव्या दिल्या. उन्हाला दिल्या, स्वतःला दिल्या, आणि सावलीत टेकावं म्हणून खडकाच्या मागं गेला.

मागं घोडा होता.

"तू इथं काय करतोस रे?"

"सावलीला बसलोय, कोंडाजीबाबा. जाऊन आलो कुरणातून."

घोड्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. त्याच्या मागं मेंढा होता. तोही म्हणे सावलीला. मेंढ्याच्या मागं गाढव, गळ्यात सुकलेली माळ. त्याच्याही मागं चिमाबाई शेळी, आणि ती तर बसायला जागा नाही म्हणून उन्हातच उभी होती.

"आणि तू गं?"

"मी पण सावलीलाच, भाऊ," चिमाबाई म्हणाली आणि दुसरीकडं बघायला लागली.

कोंडाजीनं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. सावली एका जनावराची, आणि बसलेले एवढे. खडकाभोवतीचं काटेरी झुडूप मुळापर्यंत खाल्लेलं.

"माझी पखाल इथं येऊन अर्धी होते," तो म्हणाला. "मी कुरणात गेलो नाही. जाणार नाही, कारण जाता येत नाही. तुमचं बोला."

कुणी बोलेना. पखाल बाळगणं त्या मुलखात मोठेपणाचं होतं. मडकीवाल्यांना हसून झालेलं होतं. आता आपली पुरत नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच तेवढी खराब निघाली. म्हणून जो तो खडकामागं येऊन बसायचा, उन्हं कलली की झऱ्यावर परतायचा आणि पोट भरल्यासारखी ढेकर द्यायचा. शेजारचा ढेकर देतोय म्हटल्यावर आपणही द्यायची.

शेवटी चिमाबाईच तोंड उघडती झाली. "माझी तर खडकाच्या अलीकडंच अर्धी होते," ती म्हणाली. "आणि भरायला बसावं तर सावली पायाखाली येते तरी भरत नाही. मला वाटलं माझंच काहीतरी."

"माझंही," गाढव म्हणालं.

"मग कालची ढेकर?" मेंढ्यानं घोड्याला विचारलं.

"तुझी ऐकून दिली," घोडा म्हणाला.

सगळी मिळून झऱ्यावर परतली. करकोचा पुढं आला. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि एकेकाला उत्तर दिलं. घोड्याला म्हणाला, आपण दुडक्या चालीनं जाता, त्यानं तहान वाढते. मेंढ्याला म्हणाला, लोकर दाट आहे. गाढवाला म्हणाला, आपल्याला तर नवी दिली आहे, आपण तरी असं बोलू नये. चिमाबाईला म्हणाला, यंदाचा उन्हाळाच कडक आहे. मग कोंडाजीकडं वळला.

"आजोबा, वय झालं. आता एवढं लांब कशाला जायचं?"

"माझं वय झालं ते झालं," कोंडाजी म्हणाला. "पखालीचं काय झालं ते सांग."

"पखाल होती तशीच आहे."

कोंडाजीनं जास्त वाद घातला नाही. त्यानं पखालीची मान धारेखाली धरली. मागं रांग लागली, रांगेतली जनावरं कण्हायला लागली, दुपार झाली, तेव्हा कुठं पखाल फुगून गच्च झाली. त्यानं ती सगळ्यांदेखत डोणीत ओतली. डोणी काठापासून दोन वीत खाली राहिली. एक चिमणी पाणी प्यायला काठावर बसली, वाकली, आणखी वाकली, आणि आत पडली. चिमाबाईनं तिला शेपटीला धरून बाहेर काढलं.

करकोच्यानं डोणीत नीट निरखून बघितलं.

"पाण्यानं दगड झिजतो," तो म्हणाला. "डोणी मोठी झाली असणार."

काही जनावरं तर डोणीकडं संशयानं बघायला लागली. करकोचा पुढं म्हणाला, की कारखान्यात आता नवी, थोरली पखाल तयार होते आहे, ज्यांना लांब जायचं असेल त्यांनी पुन्हा लाकूड वाहायला लागावं. घोडा पाठीवरचे जुने वण चाटायला लागला. वाहायलाच निघाला होता बिचारा.

तेवढ्यात माळावरून टिटवी आली. ओरडत ओरडतच आली, तिला हळू बोलता येत नाही.

"कोंडाजी! कुरणातला खड्डा आटला! भुरी चिखल चाटते आहे! आज उद्या व्यायची!"

म्हातारा उठला. त्यानं पखाल खाली टाकली, लाखेची मोहर पुढच्या खुरानं दाबली आणि मोडलेल्या शिंगाचं खुंट वादीत घातलं.

"आजोबा," करकोच्याचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "मोहर मोडलीत तर वचन राहणार नाही. फुटली तर नवी मिळणार नाही. विचार करा."

"केला," कोंडाजी म्हणाला आणि हिसका दिला.

वादी तुटली. मोठं तोंड उघडलं. त्यानं दातांत कातडं धरलं, खूर रोवले आणि मोजा उलटा करावा तशी आख्खी पखाल उलटी केली. आतून तेलाचा वास आला.

पखालीच्या पोटाला आतून एक मोठी घडी घातली होती, आणि ती घडी या कडेपासून त्या कडेपर्यंत तांबड्या दोऱ्यानं शिवून टाकली होती. बारीक, सुबक, एकसारखे टाके. शिंप्यांचं काम, नाव ठेवायला जागा नाही. मानेतही तसाच दोरा ओवून भोक निम्मं आवळलेलं. आणि पहिल्या घडीच्या शेजारी खडूनं आणखी एक रेघ मारून ठेवली होती. तिथं अजून टाके पडले नव्हते.

मेंढा आपल्या पखालीकडं बघायला लागला. कारखान्याच्या दारात दोन शिंपी पाखरं आली होती, ती आत गेली.

"हे आपल्याच भल्यासाठी होतं," करकोचा म्हणाला. "फार ताणली तर फुटते. गाढवाला विचारा."

गाढवानं करकोच्याकडं बघितलं. मग गळ्यातली सुकलेली माळ खाली मान घालून चावून तोडली आणि खाऊन टाकली.

"फुटली तर माझ्या पाठीवर फुटेल ना?" कोंडाजी म्हणाला. "मग सुई घालताना पाठीला विचारायचं." त्यानं टाक्यांना दात लावून पाहिले. म्हाताऱ्याचे दात, दोरा मेणाचा, निसटायला लागला. "ह्या मेल्या दोऱ्याला पकड बसेना."

चिमाबाई पुढं झाली. "सरका भाऊ. मी बाभळीचे काटे खाल्लेत, गोणपाट खाल्लंय, मडकीवाल्यांची दावणसुद्धा खाल्ली आहे. दोरा तो काय?"

ती टाक्याला लागली. एका कडेनं सुरू केलं आणि दुसऱ्या कडेपर्यंत शांतपणे चावत गेली, मग मानेतला दोराही ओढून काढला. घडी सुटली. कातडं पसरलं, मोठं झालं, जसं मुळात होतं तसं. कोंडाजीनं पखाल पुन्हा सुलट केली, वादीला गाठ मारली, मान धारेखाली धरली. रवंथाचा एक घास चावून होतो न होतो तोच पखाल टम्म झाली.

तो निघाला. म्हातारा होता, धापा टाकत होता, पण चाल थांबली नाही. टिटवी वरून बरोबर चालली होती. चढावर पखाल कुरकुरली तेव्हा त्यानं एकदा मान वळवून तिच्याकडं बघितलं. "फुटायचं तर परतताना फूट," तो म्हणाला. खडक आला. त्याच्यामागं आज कुणीच नव्हतं. सावली मोकळी पडली होती. कोंडाजीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

कुरणात भुरी खड्ड्याच्या काठाशी आडवी पडली होती. तोंडाला चिखल वाळलेला. पायाशी ओलं रेडकू उभं राहायच्या खटपटीत होतं आणि परत परत पडत होतं. कोंडाजीनं पखालीची मान लेकीच्या तोंडात दिली.

"दादा, तुमच्यापुरतं ठेवा," घोटाघोटांच्या मधे भुरी म्हणाली.

"पी गुमान. आहे."

ती पीत राहिली. तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि तरी पाणी येतच होतं.

पुढची अमावास्या आली. कारखान्याचं दार उघडलं. शिंपी पाखरं तेलाच्या वाट्या आणि चोचीत सुया घेऊन ओळीनं बाहेर आली. बाहेर जनावरंही नेहमीसारखीच ओळीनं बसली होती. घोडा, मेंढा, गाढव, आणि ज्यांची नावं कधी कुणी विचारली नव्हती ती सगळी. पुढ्यात पखाली मांडलेल्या. प्रत्येक पखाल उलटी, आतलं कातडं बाहेर, ऊन खात पडलेली. लाखेच्या मोडक्या मोहरांनी डोणी काठोकाठ भरली होती.

पाखरं थांबली. सुया चोचीतच राहिल्या.

करकोचा एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. "काय झालं?" त्यानं वरून विचारलं. "पखाली अशा का ठेवल्यात?"

ओळीच्या टोकाला चिमाबाई बसली होती. ती सावकाश काहीतरी चघळत होती, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून तांबड्या दोऱ्याचं एक टोक बाहेर लोंबत होतं.