पाठ न टेकलेला पैलवान

"मग जत्रेतल्या कुस्त्यांत माझी जोड लावू नका, असं का सांगितलंत, वस्ताद?"

सर्जेराव तालमीच्या दारातच उभा होता. पायाचं हाड जुळलं, असं डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं. आईनं धरलेले शनिवारही पुरे झाले होते. मारुतीपुढं नारळ ठेवून तो तसाच इकडं आला होता.

हिंदुराव वस्ताद हौद्यातल्या लाल मातीवर ताक शिंपडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पाय मोडला कसा?"

"ठाऊक आहे की तुम्हाला."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"समोरच्यानं ढाकेचा डाव लावला. मी पाय रोवला."

"सोडला का नाहीस?"

"पाठ लागली असती."

"आणि?"

"आणि काय... हरलो असतो." सर्जेरावाचा आवाज चढला. "आजवर माझी पाठ कुणी मातीला लावलेली नाही."

जोर मारणारे पैलवान थांबले.

"बरं," वस्ताद म्हणाले. "मग आज तूच लाव. ये, उताणा पड."

सर्जेराव हसला. वस्ताद हसत नाहीत, हे त्याच्या जरा उशिरानं ध्यानात आलं.

"या सगळ्यांसमोर?"

"हां."

"पाय पुन्हा मोडला तरी चालेल, वस्ताद. पण हे नाही."

"तेच तर दिसतंय मला. म्हणून जोड नको म्हटलं."

"मग मी दुसऱ्या तालमीत जातो. तिथं लावतील."

"जा."

त्यानं खुंटीवरचा लंगोट ओढला. कुणी अडवलं नाही. उंबऱ्याशी पोचला, तोच मागं धप्प आवाज झाला.

त्यानं वळून पाहिलं.

वस्ताद मातीत उताणे पडले होते. उभ्या आयुष्यात ज्यांची पाठ कुणी टेकवली नव्हती, ते वस्ताद. आता सत्तरी उलटलेले.

"वस्ताद, उठा. बघतायत सगळे."

"बघू देत. माती गार आहे छान."

"तुमची कंबर धरेल."

वस्तादांनी हात पसरून पाठ आणखी मातीत रुतवली.

सर्जेरावानं लंगोट खाली ठेवला. हौद्याची माती कपाळाला लावली आणि आत उतरला. बसला. एक कोपर टेकलं, मग दुसरं. पाठ मात्र अधांतरीच राहिली. मानेच्या शिरा ताठल्या.

वस्ताद वर बघत राहिले. हात पुढं केला नाही.

मग हळूहळू... पाठ टेकली.

"काय दिसतंय?"

"कौलं... एक फुटलंय."

"दोन पावसाळे गळतंय ते. तुला आज दिसलं."

सर्जेरावाच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळलं. ते पुसायला त्यानं हात उचलला नाही.

"जत्रेवाल्यांना निरोप धाडतो," वस्ताद म्हणाले. "जोड लावा म्हणून."

फुटक्या कौलातून आलेला उजेड त्याच्या छातीवर पडला होता.

उजेड छातीवरून पोटावर सरकला.

"वस्ताद, आता उठू?"

"तुला धरलंय कुणी?"