न लागलेली भूक

"बुवा, मी भूक जिंकली ना?"

अंथरुणावरून धोटे मास्तरांनी विचारलं. अंग तापानं फणफणलेलं, ओठ सुकलेले. डोळ्यांत मात्र विजय होता.

सातपुड्याच्या पायथ्याशी भैरवगीर बुवांचा लहानसा मठ. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची नोकरी संपली आणि मास्तर इथे येऊन राहिले. तीन वर्षं उपासावर उपास करून ते भुकेशी झुंजत होते. दर खेपेला दुसऱ्या दिवशी भूकच जिंकायची.

आता तापाचा पाचवा दिवस. पोटात कण नाही, आणि कणाची आठवणही नाही.

बुवांनी चमचा पुढे केला.

"पाणीही नको, बुवा."

"पी. हट्ट करायचा तर बरा झाल्यावर कर."

मास्तर प्यायले. मग पुन्हा तेच...

"सांगा ना. जिंकली ना?"

"तू मुलांना शिकवायचास. तापात भूक का मरते रे?"

मास्तर उशीवरून किंचित उठले. वर्गात उभे असल्यासारखे बोलू लागले.

"अंगात जंतू शिरले, की त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी रक्तात रसायनं सोडतात. तो निरोप मेंदूला पोचतो. अन्न शोधण्यात, पचवण्यात बळ जाऊ नये, ते लढाईला उरावं, म्हणून मेंदूच भूक..."

ते थांबले.

"पुढे?"

"...मेंदूच भूक आवरून धरतो."

"तुला विचारून?"

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

बुवा उठले. सत्तरी उलटलेला तो माणूस कष्टानं वाकला, मास्तरांच्या तापलेल्या कपाळाला दोन्ही हात लावले आणि ते स्वतःच्या डोळ्यांना लावले.

मास्तर दचकले. "बुवा! मला नमस्कार?"

"तुला कशाला? तुझ्या आत कोणीतरी लढतंय, त्यानं पाच दिवस पाठ टेकलेली नाही."

सहाव्या दिवशी मास्तरांना दरदरून घाम फुटला. ताप उतरला.

सकाळी चुलीवरच्या पेजेचा वास खोलीत आला आणि मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी लाजून डोक्यावरून पांघरूण ओढलं.

बुवा वाटी घेऊन आले. गरम पेज, वर चमचाभर तूप.

पांघरुणातून आवाज आला, "हरलो, बुवा. भूक लागली."

"लागली?"

बुवांनी वाटी खाली ठेवली. हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाच दिवस देवाकडे हेच मागत होतो रे."

मास्तर उठून बसले. पहिला घोट घेतला. दुसरा घेतला... आणि तिसऱ्या घोटाला त्यांना रडू फुटलं.

"तीन वर्षं मी या देहाला वैरी म्हटलं, बुवा. उपाशी मारलं, शिव्या दिल्या. आणि हा मला न सांगता माझ्यासाठीच... याची माफी कशी मागू?"

बुवांनी वाटीत आणखी थोडी पेज ओतली.

"तो कुठे रागावलाय? त्याला वेळच नव्हता."