मायाप्पा गाडी रिकामी आणत नाही

कृष्णाकाठच्या एका गावात मायाप्पा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळे तसे गावात आणखीही होते, पण ते बैलगाडी चालवत. मायाप्पाला ट्रक चालवायचा होता.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. गाडी तो झकास चालवायचा. नदीच्या उतारावर ट्रक उलटा घेत काठापर्यंत आणायचा, तर धुणं धुणाऱ्या बाया जागच्या हलत नसत. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. बिघाड होता तो इंजिनात नव्हता. स्टेअरिंगच्या वर आणि टोपीच्या खाली होता.

ट्रक होता बाबगोंडाअण्णांचा. तो माझ्या दुकानासमोरच उभा राहायचा, त्यामुळं यातलं बरंचसं मी गल्ल्यावर बसल्या बसल्या पाहिलेलं आहे. अण्णांच्या आधीच्या ड्रायव्हरांनी टाकीतलं डिझेल विकून घरावर माड्या चढवल्या होत्या. मायाप्पानं डिझेल विकणं शक्यच नव्हतं, कारण ते विकता येतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. असा माणूस धंद्यात शोधून सापडत नाही. अण्णांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "एक लक्षात ठेव मर्दा. गाडी कधी रिकामी परत आणायची नाही. काही ना काही भरूनच आणायचं."

"भरूनच आणतो, अण्णा."

या किल्लीवर आणखी एक गोष्ट लोंबकळत होती. मायाप्पाचा मामा धुळाप्पा, त्याची मुलगी हौसा. मायाप्पाला हौसा हवी होती. हौसाची ना नव्हती. मामा मात्र हिशेबी. तो भाच्याला म्हणाला, "हे बघ, तुझ्या कंबरेला ट्रकची किल्ली दिसतीया तवर हौसा तुझी. अण्णांनी किल्ली काढून घेतली, की हौसा दुसऱ्याची."

मायाप्पानं किल्ली करदोड्याला बांधली. आंघोळीलाही सोडेना.

पहिली खेप मंगलोरी कौलांची. तिकडं जिल्ह्याला एका मास्तरांचं घर शाकारायचं होतं. अण्णांनी ट्रकच्या पत्र्यावर थाप मारली. "वाऱ्यासारखा जा, वाऱ्यासारखा ये. मधे कुठं थांबू नको."

मायाप्पा वाऱ्यासारखा गेला. वाऱ्यासारखा आला. दुपारी ट्रक पुन्हा माझ्या दुकानासमोर. मागून कौलांचा चुरा गळत होता.

अण्णा म्हणाले, "अरे, हे काय?"

"कुठं थांबलो न्हाई, अण्णा."

"मास्तर भेटले?"

"भेटले की. दारात हुभे हुते. हात केला त्यांनी. मीबी केला."

"मग माल का नाही उतरवला?"

"उतरवायला थांबावं लागतंय." आणि जरा अभिमानानं म्हणाला, "गाडी रिकामी आणली न्हाई पण."

अण्णांचा हात किल्लीकडं गेला. मायाप्पानं दोन्ही हातांनी कंबर धरली. "अण्णा, असं नगा करू. कसं करायचं तेवढं सांगा. फुडल्या बारीला तस्संच करतो."

अण्णा मऊ मनाचे. "नीट ऐक. माल भरताना मधे मधे पेंढा कोंबायचा. आणि बैलगाडीच्या चालीनं जायचं. धक्का लागता कामा नये. आणि सांगितलंय तिथं थांबायचं."

"थांबतो, अण्णा."

दुसरी खेप कोथिंबिरीची. मळेवाल्यांनी रात्री काढलेल्या जुड्या, दव अजून पानांवर. सकाळच्या सौद्याला पोचायला हव्या होत्या. मायाप्पानं जुडी आणि जुडीच्या मधे पेंढा कोंबला. मग निघाला बैलगाडीच्या चालीनं. वाटेत खरीच एक बैलगाडी आडवी आली. हा तिच्या मागं मागं. गाडीवाला उतरून म्हणाला, "अरं बाबा, फुडं जा की."

"मला तुझ्याच चालीनं जायाला सांगितलंय."

"मी तर आता जेवायला थांबणार हाय."

"जेव की. मला कुठं घाई हाय?"

बैलांनी चारा खाल्ला, पाणी प्यायलं, रवंथ केला. मग दोन्ही गाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आल्यावर मायाप्पा बाजारात पोचला. अडत्यानं ट्रकचा मागचा फाळका उघडला आणि नाकाला धोतर लावलं.

"हे काय आणलंस रे?"

"कोथिंबीर."

"ही कोथिंबीर न्हवं, कोथिंबिरीचं तेरावं हाय. ने परत."

मायाप्पाला बरंच वाटलं. गाडी रिकामी न्यायची नव्हतीच.

आमच्या चौकात ट्रक आला तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा उठून पलीकडच्या गल्लीत गेली. अण्णांचा हात किल्लीकडं. मायाप्पाचे हात कंबरेला. "तुमीच म्हणाला हुता बैलगाडीच्या चालीनं जा!"

"अरे, ती कौलं होती! हा हिरवा माल. त्याला जीव असतो. कोमेजतो. त्याच्यावर पाणी मारायचं. प्रत्येक ढाब्यावर थांबायचं, बादली मागायची, भरपूर पाणी मारायचं. असा टवटवीत राहिला पाहिजे."

"मारतो, अण्णा. भरपूर मारतो."

तिसरी खेप सिमेंटची.

आता ते सिमेंट माझं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवीन गोडाऊन बांधायला काढलं होतं. गवंडी पान खात बसले होते, वाळू चाळून तयार, माल संध्याकाळी येणार. मायाप्पा कारखान्याच्या गोदामातून निघाला आणि पहिल्या ढाब्यावर थांबला. बादली मागितली.

ढाबेवाला म्हणाला, "अहो पाव्हणं, सिमेंट हाय न्हवं ते?"

"व्हय तर."

"मग पाणी कशाला?"

"उन्हानं कोमेजंल."

ढाबेवाल्यानं त्याच्याकडं बघितलं. मग दुसरी बादली आणून दिली. काही माणसांशी वाद घालू नये, हे ढाब्यावर लवकर कळतं.

दुसऱ्या ढाब्यावर तर पाइप होता.

संध्याकाळी ट्रक माझ्या दारात आला. हमाल वर चढले. एकानं पोतं ओढलं. पोतं येईना. दोघांनी ओढलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पोती आता एकमेकांना सोडायला तयार नाहीत. ट्रकच्या आत ट्रकाएवढा दगड झाला होता. घण लावून आठवडाभर फोडत होते. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा एसटीच्या थांब्याजवळ टाकलाय. लोक त्यावर बसून गाडीची वाट बघतात आणि माझं नाव काढतात.

मी मायाप्पाला विचारलं, "अरे, एकदा तरी हात लावून बघायचास?"

"बघितला की. माल चांगला टणक हुता. म्हटलं, कोथिंबिरीगत मान टाकली न्हाई ह्यानं."

त्या दिवशी अण्णांनी किल्लीला हात घातलाच. करदोड्याची गाठ सुटेना, म्हणून विळी मागवली. मायाप्पा रडकुंडीला आला. "अण्णा, किल्ली कापू नगा. हौसा कापल्यागत हुईल. लगीन ठरलंय. येत्या पंधरवड्यात हाय."

अण्णांनी विळी खाली ठेवली. मग म्हणाले, "ऐक. आता शेवटचं सांगतो. ओला माल म्हणजे धंद्याचा नाश. माल भरला, की वर ताडपत्री टाकायची. दोर चारी बाजूंनी आवळायचा. पोचेपर्यंत सोडायचा नाही. आणि कुणी माल भरायला दिला, तर आधी हात लावून बघायचं. ओल लागली, की साफ नाही म्हणायचं. सांगायचं, वाळवून द्या, मग भरतो. समोर कुणी का असेना!"

"कुणी का असंना," मायाप्पा म्हणाला.

"तुझं वऱ्हाड माझ्याच ट्रकनं ने. लग्नात बिघडायला काय असतं? माणसं न्यायची, माणसं आणायची. नवरी सुखरूप दारात आणलीस, तर किल्ली जन्मभर तुझी. नाही आणलीस, तर मी करदोड्यासकट काढून घेईन."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड ट्रकमध्ये चढलं. आत्या, चुलते, पोरंटोरं, फेटे बांधलेले म्हातारे. नवरदेव मुंडावळ्या बांधून स्टेअरिंगवर बसणार, म्हणून सगळ्यांना कौतुक. नवरदेवानं आधी खाली उतरून फाळका लावला. मग वरून ताडपत्री टाकली. मग चारी बाजूंनी दोर आवळला.

आतून आत्या ओरडली, "अरं मुडद्या, अंधार झाला की!"

"थोडा दम धर आत्या, पोचल्यावर सोडतो."

दिवस वैशाखातले. वाटेत टोलनाक्यावरच्या माणसानं कान टवकारले. "काय माल हाय?"

"वऱ्हाड."

"वरडतंय की!"

"वरडू दे. कोरडं हाय."

मामाच्या गावी मांडवाच्या दारात दोर सुटला तेव्हा आतून वाफ निघाली. म्हाताऱ्यांचे फेटे गळ्यात आले होते. आत्याचं कुंकू नाकाच्या शेंड्यावर होतं. मायाप्पानं थोरल्या चुलत्याच्या पाठीला हात लावला. हात ओला झाला. तो गंभीर झाला. "तात्या, भरताना तुमी कोरडं हुता."

तात्यांनी पायातली वहाण काढली. लोकांनी धरलं म्हणून लग्न लागलं. सगळ्या वऱ्हाडानं तिथंच आणभाक घेतली, की परत जाताना एसटीनं जाऊ, पायी जाऊ, पण या गाडीत पाय ठेवणार नाही.

लग्न मात्र छान झालं. भटजी "सावधान" म्हणाले, की मायाप्पाचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. तिथं भटजींचा पाय होता. चौथ्यापासूनची मंगलाष्टकं भटजींनी पाटावर उभं राहून म्हटली. एवढं सोडलं, तर काही झालं नाही.

मग पाठवणी आली. हौसा आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. आई रडली. मावश्या रडल्या. हिशेबी धुळाप्पासुद्धा उपरण्यानं डोळे पुसत पुढं आला. त्यानं लेकीचा हात मायाप्पाच्या हातात दिला आणि म्हणाला, "घे बाबा. माझ्या काळजाचा तुकडा तुझ्या गाडीत घालतोय. संभाळून ने."

आता मायाप्पा शहाणा झाला होता. गाडीत काही घालायचं म्हटल्यावर त्यानं आधी हात लावून बघितलं. हौसाच्या गालाला उलटा हात लावला. बोटं बघितली. दुसऱ्या गालाला लावला. पुन्हा बोटं बघितली. पदराचं टोक चिमटीत धरून बघितलं. तेही ओलं.

"मामा, राग मानू नगा," तो म्हणाला. "वाळवून द्या, मग भरतो."

मांडवात एकदम हशा पिकला. बायका म्हणाल्या, जावई भारी गमत्या हाय गं, रडणाऱ्या पोरीला हसवली की! हौसा खरंच हसली. हसता हसता आणखी रडली. मायाप्पानं मान हलवली. ओल वाढतच होती. सासू म्हणाली, "चल बाई, तोंड धू, देवाला नमस्कार कर, मग निघा." सगळ्या बायका तिला घेऊन आत गेल्या.

म्हणजे आता पाणी मारायला नेली. मायाप्पानं सुस्कारा सोडला. इथं थांबण्यात अर्थ नव्हता. पण गाडी रिकामी न्यायची नव्हती. तेवढ्यात बँडवाले वाद्यं गुंडाळताना दिसले. त्यांना आमच्याच गावच्या वाटेनं जायचं होतं. मायाप्पानं म्होरक्याच्या अंगरख्याला हात लावून बघितला. बँड सावलीत बसून जेवला होता. ठणठणीत कोरडा होता.

इकडं आमच्या गावात मायाप्पाची आई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी. उंबऱ्यावर तांदळाचं माप. शेजारी अण्णा, नवा फेटा बांधून. त्यांच्या शेजारी मी. दिवस मावळायला आला, आणि वेशीकडून बँड ऐकू आला. जरा दबका होता, पण जोरात होता. क्लॅरिनेट नुसतं किंचाळत होतं. ढोल तर कुणी जिवाच्या आकांतानं बडवत होतं.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बगा अण्णा, कसा वाजतगाजत आणतोय सुनंला!"

ट्रक दारात थांबला. मायाप्पा उतरला. दोर सोडला, ताडपत्री काढली. आतून बँडवाले एकेक करून खाली पडले. घामानं निथळत होते. म्होरक्या ढोलाला धरून उभा राहिला आणि त्यानं आधी पाणी मागितलं. वाटेतल्या सगळ्या गावांना ते वाचवा म्हणून वाजवत आले होते. सगळ्या गावांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

बँड संपला. ट्रकमधून आणखी कुणी उतरेना.

अण्णांचा हात किल्लीकडं निघाला. पण या खेपेला मायाप्पानं कंबर धरली नाही. ताठ उभा राहिला. "अण्णा, गाडी रिकामी आणली न्हाई. ताडपत्री सोडली न्हाई. आन् तुमी सांगितलं हुतं तसं, ओला माल भरला न्हाई. मामानं स्वता दिला, तरी भरला न्हाई."

अण्णांचा हात हवेत तसाच राहिला. सांगितलेलं एकूण एक त्यानं केलं होतं.

आई ताट घेऊन ट्रकच्या मागं गेली. आत वाकून बघितलं. परत आली. "आरं, पर माझी सून कुठाय?"

मायाप्पानं आभाळाकडं बघितलं. ढग नव्हता.

"वाळत घातलीया, आये. उद्या ऊन चांगलं पडलं, की भरून आणतो."