लेक आणि लेकीसारखी

देवटेकच्या राजानं भर दरबारात अलंकारशास्त्राची पाठशाळा चालवणाऱ्या म्हाताऱ्या नरहरशास्त्र्यांची थट्टा मांडली. “‘चंद्रासारखं मुख’ ही उपमा, ‘मुखचंद्र’ हे रूपक! एका ‘सारखं’च्या फरकासाठी पाठशाळा कशाला? बंद करा.”

शास्त्रीबुवांना खोकल्याची उबळ आली. त्यांना धरून उभी असलेली त्यांची सून गोदा कळवळली. “महाराज, मी बोलू का?”

“बोल की! तू मला लेकीसारखीच.”

“‘सारखी’ आहे, म्हणून बोलायला परवानगी मागते. मामंजी मला नुसतं ‘लेक’ म्हणतात, त्यांच्याशी मी भांडतेसुद्धा. फरक तो हाच.”

राजा खळखळून हसला. “पाठशाळा चालू राहील, लेकी!”

“मग इतका वेळ मामंजींना उभं का ठेवलंत?” गोदा कडाडली.

राजा लगबगीनं स्वतः आसन आणायला उठला.