सासरी नांदणारी चाल

तासगावच्या दस्तगीर मास्तरांचा बँड एका चालीवर गाजला होता. चाल होती एका पडलेल्या चित्रपटाच्या शीर्षकगीताची. चित्रपट चार दिवसांत उतरला, पण मास्तरांनी गाण्याला ठेका दिला आणि त्या गाण्याशिवाय तालुक्यात एकही नवरदेव घोड्यावर बसेना.

एका लग्नाला त्या गाण्याचे संगीतकार प्रभंजन सरदेसाईच पाहुणे म्हणून आले. ठेका ऐकताच ते मिरवणुकीला आडवे आले. "ही चाल माझी आहे. वाजवायची तर मी बांधली तशी वाजवा, नाहीतर बँड बंद."

नवरदेवाचे वडील गांगरले. मास्तरांनी मात्र मुकाट्याने क्लॅरिनेट उचललं आणि मूळ संथ चाल जशीच्या तशी वाजवली. नाचणारे जागच्या जागी थांबले. मांडवाच्या दारात ओवाळायला उभ्या असलेल्या नवरीच्या मावशीला वाटलं, पाठवणीच सुरू झाली. अजून अक्षता पडायच्या होत्या, तरी तिने तबक खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला. तिला बघून बाकीच्या बायकाही रडू लागल्या.

"लोकांना संगीत कळत नाही," सरदेसाई पुटपुटले.

"साहेब, ही चाल तुमचीच लेक," मास्तर म्हणाले. "तुमच्या घरी रडायची, आमच्याकडे नांदायला आली आणि नाचायला लागली. सासरी सुखात असलेली लेक कुठला बाप परत नेतो?"

सरदेसाईंनी खिशातून रुमाल काढला. आता हेही रडणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी तो हवेत गरगर फिरवला आणि ते नाचणाऱ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.