गोल पंखाचा अग्निबाण

पुठ्ठ्याच्या अग्निबाणांना वाचा होती, त्या काळची ही हकीकत. कार्यशाळेच्या फळीवर त्रिकोणी पंखांचे अग्निबाण ऐटीत उभे होते. एकाला मात्र पंखांऐवजी शेपटाशी गोल कडे होते.

"काय हो कडेवाले, उडायला निघालात की लग्नाला?" त्रिकोणी हसले.

नव्या घडणीच्या बाणाला दोरीने बांधून गरगर फिरवण्याची तेथे रीत होती. नाक पुढे राहिले तरच उड्डाण, नाहीतर भंगार. कडेवाल्याला फिरवले, तर त्याचे नाक मागे वळले.

"दोरीबाई, माझे कडे कापून टाका," तो रडवेला झाला.

"कडे राहू दे, बाबा. नाक हलके आहे. त्यात थोडी शाडूची माती भरून घे."

माती भरून पुन्हा फिरवताच नाक पुढे राहिले. मग दोरी सोडून वात पेटवली आणि तो सरळ आभाळात झेपावला.

तेव्हा एक त्रिकोणी हळूच म्हणाला, "दोरीबाई, आम्हांला कधी कोणी फिरवून पाहिलेच नाही. मला बांधता?"